पायधुणी आणि आमच्या दाराच्या तीन पायऱ्या

दरवर्षी जूनमध्ये आठवीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारतो : पायधुणी या नावाचा अर्थ सांगा. माझी मुलं उर्दू माध्यमाची. मराठी त्यांना परकी नाही, पण बहुतेकांच्या घरातली भाषाही नाही. पायधुणीला मामाचं किंवा खालाचं घर असलेली दोन-चार मुलं वर्गात असतातच, तरी त्या नावाची फोड त्यांनी कधी करून पाहिलेली नसते. फळ्यावर ‘पाय’ वेगळा आणि ‘धुणी’ वेगळं लिहिलं की मग हात वर होतात. एकदा एक मुलगा म्हणाला, ‘सर, वहाँ लोग वजू करते होंगे.’ वर्ग हसला. मी हसलो नाही. उत्तर अगदीच चुकलेलं नव्हतं.

पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. मुंबई सात बेटांची होती हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्या बेटांच्या मध्ये काय होतं याचा विचार सहसा कुणी करत नाही. मध्ये पाणी होतं. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या दरम्यान किनाऱ्याला एक मोठं खिंडार होतं. इंग्रज त्याला ‘ग्रेट ब्रीच’ म्हणत. भरती आली की समुद्र त्या खिंडारातून आत घुसे, भायखळा-कामाठीपुऱ्याच्या सखल भागावर पसरे आणि पार पायधुणीपर्यंत येई. ओहोटीला मागे चिखल आणि उथळ ओहोळ राहत. ते तुडवत आलेला माणूस मुंबईच्या कोरड्या जमिनीवर पाऊल टाकण्याआधी इथे पाय धुई. जवळच उमरखाडी. लहानपणी मला वाटायचं, कुणी उमरशेठ असेल आणि खाडी त्याच्या मालकीची असेल. प्रत्यक्षात तो उंबर आहे, उंबराच्या झाडाजवळची खाडी. म्हणजे आज जिथे आपण टॅक्सीसाठी हात करतो, खजूर आणि अत्तर विकत घेतो, त्या सगळ्या टापूला एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने पाय धुण्याइतकं पाणी होतं. ही नावं मराठी आहेत आणि त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं आहे.

मला हा विषय इतिहासाच्या आवडीतून सुचलेला नाही. तो आमच्या मोरीतून वर आला.

नागपाड्याच्या एका गल्लीत, तळमजल्यावर आमची खोली आहे. पागडीची. दादा म्हसळ्याकडून मुंबईला आले, गोदीत लागले आणि ही खोली घेतली. अब्बांचा जन्म, माझा जन्म, दोन्ही बहिणींचे निकाह, सगळं इथेच. मी लहान असताना इमारतीत शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. काळ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. संध्याकाळी त्यांच्यावर बसून आम्ही गोट्या खेळायचो आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसण्याचा हक्क मोठ्या मुलांचा असे. आज त्या तीन पायऱ्या नाहीत. कुणी तोडल्या नाहीत, त्या जागच्या जागीच आहेत, फक्त रस्त्याच्या खाली गेल्या आहेत. आता रस्त्यावरून आमच्या इमारतीत यायचं तर एक पायरी उतरावी लागते.

म्हणजे साधारण चार पायऱ्यांचा फरक, माझ्या एका आयुष्यात. इमारत खचलेली नाही. रस्ता वर आला आहे. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढला, कधी डांबराचा, कधी काँक्रीटचा, कधी पेव्हर ब्लॉकचा. जोतं जिथल्या तिथे राहिलं. अशा तऱ्हेने तळमजला हळूहळू तळघर झाला, आणि तो तसा झाल्याची नोंद कुठल्याही नकाशात नाही.

तर या पाण्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

ग्रेट ब्रीच बुजवण्याचं काम अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात झालं. 1784 च्या सुमारास बांध पुरा झाला. त्याला ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणतात. वेलार्ड हा पोर्तुगीजांच्या कुंपण-बांध या अर्थाच्या शब्दाचा इंग्रजी अवतार. आजचा लाला लजपतराय मार्ग म्हणजे तोच बांध. हाजी अलीला जाणाऱ्यांनी तो हजारदा ओलांडलेला असतो. दर्गा बांधाच्या पलीकडे समुद्रात आहे, तो तर बांधाच्याही साडेतीनशे वर्षं आधीचा मानला जातो. म्हणजे समुद्र आत-बाहेर करत होता तेव्हापासून पीर हाजी अलींचा दर्गा ते बघत आला आहे.

बांध झाला आणि समुद्राची वाट बंद झाली. मोठं काम होतं, यात शंका नाही. पण एक गोष्ट आपण विसरतो : बांधाने समुद्राला आत येण्यापासून अडवलं, तसंच पावसाला बाहेर जाण्यापासूनही अडवलं. आतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. ती बशीसारखी राहिली. इंग्रजांनी तिला ‘फ्लॅट्स’ म्हटलं. भायखळा, कामाठीपुरा, ताडदेव, महालक्ष्मी यांच्या मधला हा टापू. पावसाळ्यात तिथे महिनोन्‌महिने पाणी असे. सरकारने ही खारवट जमीन कमी साऱ्यावर लागवडीला दिली. त्या साऱ्याला ‘फोरास’ म्हणत, हाही मुळात पोर्तुगीजांचा शब्द. पुढे 1851 च्या कायद्याने या फोरास जमिनींच्या मालकीचा प्रश्न मिटवला. फोरास रोड हे नाव उच्चारलं की आज लोक नजर चुकवतात. पण त्या बिचाऱ्या नावाचा अर्थ एवढाच, की ही समुद्रातून मिळवलेली, हलक्या साऱ्याची जमीन.

मग या बशीवरून रस्ते गेले. बेलासिस रोड 1793 चा. त्या वर्षीच्या दुष्काळात सुरतेहून पोटासाठी आलेल्या गरिबांनी तो बांधला, लोकवर्गणीच्या पैशातून. रस्त्याच्या स्मृतिशिलेवर तसं कोरलेलं आहे. पाणथळ जमिनीतून रस्ता न्यायचा तर तो उंच करावा लागतो. आणि पाणथळ जमिनीतला उंच रस्ता म्हणजे आणखी एक बांधच. बशीचे असे कप्पे पडत गेले. उरलेली जागा भरण्यासाठी माती वापरली गेली आणि शहराचा केरकचराही. होय, कचरा. कोट आणि गिरगावच्या घरांतून निघालेला कचरा या सखल भागात पसरून त्यावर जमीन तयार झाली, आणि त्या जमिनीवर चाळी उठल्या. 1803 साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर वस्ती बाहेर सरकत गेली. गिरण्या आल्या, गोदी वाढली. कामाठी आले, जुलाहे आले, कोकणातून आमच्यासारखे आले. स्वस्त जागा कुठे मिळणार? बशीच्या तळाशी.

त्या काळी पाणी काढण्याची मुख्य सोय म्हणजे एक मोठा उघडा नाला. गावातून निघून फ्लॅट्समधून तो वरळीच्या बाजूला बांधातल्या झडपांकडे उतरे. ओहोटीला झडपा उघडायच्या, भरतीला बंद करायच्या. उतार इतका कमी की नाला वाहण्यापेक्षा साचायचाच जास्त. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला, त्याच सुमाराला शहराला पहिला आरोग्याधिकारी मिळाला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं इंजिनियरांत एकच वाद चालला : मुंबईची घाण कुठल्या बाजूला सोडायची, पूर्वेच्या बंदराकडे की पश्चिमेला वरळीकडे? अखेरीस वरळी ठरली, लव्हग्रोव्हला पंप बसले.

या काळातल्या सरकारी लिखाणात मला खटकते ती एक सवय. नाला वाहत नाही, जमीन भरतीच्या खाली आहे, हे एका पानावर नीट मांडलेलं असतं, आणि दुसऱ्या पानावर लोकांच्या घाणेरड्या सवयींना दोष. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लिहिलेल्या असतात. ही सवय गेलेली नाही. मी शाळेच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो, जुलै महिना, आदल्या दिवशी पाणी भरलेलं. चहाच्या वेळी एक बाई अगदी सहज म्हणाल्या, ‘तुमच्याकडे पाणी तुंबणारच हो, त्या मोहल्ल्यांत गटारं कशी ठेवतात लोक!’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी चहा संपवला. घरी आल्यावर मात्र लायब्ररीचं कार्ड शोधून काढलं, आणि तिथून हा लेख सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. रोग कसा पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं; उंदरावरच्या पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमों याने दाखवला तो 1898 मध्ये, आणि तो मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर संशय ओलीवर, अंधारावर आणि गटारावर. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडून ती धुतली. कौलं काढली, जमिनी उकरल्या, भिंतींना चुना मारला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर इंग्रजीत यू. एच. एच. अशी तीन अक्षरं रंगवली. अशा खोल्यांत तळमजल्याच्या, ओल धरणाऱ्या, बिनखिडकीच्या खोल्या किती असतील याचा अंदाज आमच्या इमारतीत एक रात्र काढलेल्या कुणालाही येईल. 9 मार्च 1898 ला मदनपुऱ्यात एका जुलाह्याच्या घरातल्या आजारी मुलीला तपासायला पथक आलं, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी विरोध केला, दगडफेक झाली, गोळ्या चालल्या आणि दंगल शहरभर पसरली. आमच्या घरापासून ती जागा चालत काही मिनिटांवर आहे. गल्लीतल्या कुणालाही हे माहीत नाही, मलाही पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या योजनांमध्ये नागपाडा आणि आग्रीपाडा होते. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, हवा-उजेड आणला. आमची इमारतही त्याच लाटेतली असावी, जोतं उंच घेतलेलं होतं ते त्यामुळेच. म्हणजे त्या तीन पायऱ्या शोभेच्या नव्हत्या. सखल जमीन आहे हे ओळखून बांधणाऱ्याने पाण्यासाठी सोडलेली ती उंची होती.

आता थोडं बाजूला जाऊन एका इमारतीबद्दल लिहायचं आहे, कारण तिच्यासारखी दुसरी मी पाहिलेली नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद. अब्बा मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. वजूसाठी पायऱ्या उतरून हौदाशी गेलो आणि घाबरलो, कारण मशीद पाण्यात उभी होती. खरोखरच. तिचे दगडी कमानींचे खांब तलावाच्या पाण्यातून वर येतात, वरचा मजला त्यांच्यावर तोललेला आहे आणि खाली हिरवट पाण्यात मासे फिरतात. तलाव जुना आहे, तळाशी जिवंत झरे आहेत, पाणी सुमारे दहा फूट खोल. ती जागा एका हिंदू व्यापाऱ्याची होती आणि तलाव बुजवायचा नाही या अटीवर त्याने ती दिली, असं गॅझेटियरमध्ये आहे. 1775 च्या सुमारास सुरू झालेलं बांधकाम 1802 मध्ये पुरं झालं आणि 1837 मध्ये कोकणी मुसलमानांतले बडे व्यापारी मोहम्मद अली रोघे यांनी वरचा मजला चढवला.

मला त्या अटीचं फार कौतुक वाटतं. देणाऱ्याने ती घातली, आणि घेणाऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या पाळली. कोकणातली माणसं होती, पाणी काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. तलाव हा इमारतीतला अडथळा आहे असं त्यांनी मानलं नाही, उलट पाया त्यातच घातला. तळघरात पाणी असलेली ही मुंबईतली एकच इमारत असावी जिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

बाकी शहराने उलट केलं. मुंबईत तलाव भरपूर होते : धोबीतलाव, गोवालिया टँक, बाबुला टँक, खारा टँक. पिण्याचं पाणी विहारहून यायला लागल्यावर त्यांची गरज कमी झाली. मग 1911 मध्ये डॉ. बेंटली यांचा मलेरियावरचा अहवाल आला. डास विहिरी-तलावांत होतात, ते बंद करा. सल्ला चुकीचा नव्हता, माणसं मरत होती. पण एकेक करून तलाव बुजले आणि नावं तेवढी रस्त्यांच्या पाट्यांवर राहिली. मलेरियाच्या हिशेबात ते डासांचे अड्डे होते. पावसाच्या हिशेबात, भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवणारी भांडी होती. हा दुसरा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. शंभर वर्षांनी मांडला. हिंदमाताचं पाणी धरून ठेवण्यासाठी अलीकडे परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली प्रचंड टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी त्यांत साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. याला तलावच म्हणतात ना? फक्त आता त्याला झाकण आहे आणि पंप आहे.

भरतीचं गणित मुलांना समजावायला मी हाजी अलीचं उदाहरण देतो, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. आपण बाहेर थांबतो, वाट मोकळी झाली की जातो. शहरातलं पावसाचं पाणीही अगदी तसंच थांबतं. अनेक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र वर असला की पाण्याला बाहेर पडता येत नाही, उलट समुद्रच आत शिरू बघतो. हे नाले मोठे आहेत, त्यातले कित्येक शंभर वर्षांहून जुने, विटांच्या कमानीचे, आणि आपल्या दारापुढचे छोटे झाकलेले गटार, ज्याला पालिकेच्या भाषेत ‘ढापा’ म्हणतात, ते त्यांना जाऊन मिळतं. जुन्या हिशेबाप्रमाणे ही सगळी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस पडेल, तोही ओहोटी असताना, आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, असं धरून केलेली. आता मुरायला जमीन उरली कुठे? 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला 50 मिलिमीटरची क्षमता आणि भरतीतही पाणी उपसणारे पंप सुचवले. अहवाल बारा वर्षं पडून राहिला. मग 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. त्यानंतर पैसा आला, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर असे पंप एकामागून एक बसले. फरक पडला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या गल्लीत पूर्वी आठ-आठ तास राहणारं पाणी आता बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतं.

गंमत म्हणजे त्या 26 जुलैला आमच्याकडे फार काही झालं नव्हतं. कुलाब्याला दिवसभरात 74 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होता. उपनगरातले नातेवाईक अडकलेले आणि आम्ही कोरडे, त्यामुळे अम्मीला कित्येक वर्षं अपराध्यासारखं वाटत होतं. आमची पाळी 5 ऑगस्ट 2020 ला आली.

बकरी ईद होऊन चार दिवस झाले होते. कोरोनाचे दिवस, अब्बांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, घरात मी, बायको, दोन मुलं आणि अम्मी. दुपारपासून वारा असा सुटला की समोरच्या इमारतीवरचे पत्रे उडाले. त्या दिवसाचा कुलाब्याचा आकडा 331 मिलिमीटरच्या वर गेला. पाणी उंबऱ्यावरून येईल म्हणून आम्ही दारात गोणपाट आणि वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या. पण ते दारातून आलंच नाही. आधी मोरीतून बुडबुड्यांचा आवाज आला, मग काळं पाणी. बाहेर गटार भरलेलं, आपल्या मोरीचा पाइप त्या गटाराच्या खाली, मग पाणी सोपी वाट धरतं. ज्यांचं घर रस्त्याच्या खाली आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं : दारातल्या पिशव्यांचा उपयोग अर्धाच. मोरीच्या पाइपला उलट येणारं पाणी अडवणारी झडप हवी. प्लंबरकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणून मागा, आणि दर मे महिन्यात उघडून साफ करा, नाहीतर त्यात केस आणि साबण अडकून ती नेमकी त्याच दिवशी बंद होत नाही. ज्यांना जमेल त्यांनी आतली फरशी उंच करून घ्यावी. आम्ही ती दोन वीत वर घेतली. पंखा डोक्याला लागायला आला, पण गेली तीन वर्षं भिंतीला पोपडे धरले नाहीत.

त्या रात्री मात्र झडप नव्हती. गॅसचं सिलिंडर बंद करून ओट्यावर चढवलं, मेन स्विच पाडला, मुलांना वरच्या मजल्यावर भाभींकडे पाठवलं. अब्बांची किताबं माळ्यावर होती, ती वाचली. पलंग विटांवर होता, त्यामुळे गाद्याही वाचल्या. पलंगाखालची लोखंडी पेटी कुणाच्या लक्षात आली नाही. पहाटे फज्रच्या सुमारास पाणी उतरलं तेव्हा अम्मीने ती ओढली, आणि कोपऱ्यातून पाण्याची धार लागली.

पेटीत भाडेपावत्या होत्या. दादांच्या नावाच्या, मग अब्बांच्या. पंचावन्न-साठ वर्षांच्या. सोन्याचा एक दागिना गेला असता तर चाललं असतं. पागडीच्या घरात राहणाऱ्याला पावती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झालेली, तुम्ही इथे किती सालापासून आहात याचा पुरावा दाखवा म्हणून कागद आलेला. आणि दादांच्या काळातल्या मुन्शीने दौतीच्या शाईने लिहिलेल्या त्या पावत्या एकमेकींना चिकटून निळ्या लगद्यासारख्या झालेल्या. मी आणि बायकोने त्या एकेक सोडवल्या. टीपकागद मिळेना, म्हणून मुलांच्या चित्रकलेच्या वह्यांच्या पानांत दाबल्या आणि दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. जमाअतचे एक बुजुर्ग वरून उतरताना थांबले आणि म्हणाले, ‘मास्टर, ये कौन सी ईद का तोरन है?’ अम्मीसुद्धा हसली. नव्वद-पंच्याण्णव पावत्या वाचता येतील इतपत वाचल्या. सर्वांत जुन्यांवर तारीख राहिली, नाव गेलं. पुढे तपासणीला आलेल्या कारकुनाने नाव नसलेली पावती पुरावा मानता येत नाही असं सांगितलं, आणि त्या नियमाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादांच्या गोदीतल्या कागदांवर हाच पत्ता सापडला म्हणून काम निभावलं.

हे सगळं लिहिताना आमच्या बाजूचंही लिहायला हवं. ढाप्याची जाळी आमच्याच दुकानदारांनी काँक्रीट ओतून बंद केली आहे, कारण तिच्यातून वास येतो. वरच्या मजल्यावरून पिशव्या खाली येतात, त्या आमच्याच आहेत. खोलीची दुरुस्ती केली की मलबा रात्री गटारात ढकलणारे आमच्याच मशिदीत पहिल्या सफेत उभे असतात. तहारतवर तासभर बयान होतं, पायाची बोटं कशी खिलाल करायची हे बारकाईने सांगितलं जातं, पण जाळीवरच्या प्लास्टिकवर एक वाक्य येत नाही. मी एकदा इमामसाहेबांना हे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या जुम्म्याला खरंच त्यावर बोलले. त्यानंतर एक आठवडा जाळी साफ होती. या कचऱ्याने पाणी दोन तास जास्त थांबतं, हे मान्य. पण ते इथे येतं ते खाडी इथे होती म्हणून, आणि समुद्र वर असतो म्हणून. प्रशिक्षणातल्या त्या बाईंना मला हे दोन्ही सांगायचं होतं, एक सोडून दुसरं नाही.

आमच्या दाराआड, नमाजच्या वेळापत्रकाशेजारी अम्मी आता भरतीचं वेळापत्रकही लावते. वर्तमानपत्रातून कापलेलं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस तिने लाल पेन्सिलीने गोल केलेले असतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.

गेल्या महिन्यात पुनर्विकासाची बैठक झाली. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत, सगळे भाडेकरू दाटीवाटीने. विकासकाचा तरुण इंजिनियर आला होता, मुलगा नम्र होता, आपल्यातलाच. त्याने भिंतीवर नकाशा लावला. बावीस मजले, दोन लिफ्ट, वर नमाजसाठी हॉल, आणि जमिनीखाली पार्किंगचे दोन मजले. लोक कार्पेटचे चौरस फूट विचारत होते, कॉर्पस विचारत होते. अम्मी कोपऱ्यात बसली होती. तिने हात वर केला आणि विचारलं, ‘बेटा, हे खालचे दोन मजले किती खोल?’

तो म्हणाला, ‘साधारण सात मीटर, खाला.’

‘मग तिथलं पाणी?’

पंप असेल, त्याने सांगितलं. चोवीस तास चालणारा.

‘आणि लाइट गेली तर?’

जनरेटर असेल, तो म्हणाला. अम्मीने विचारलं जनरेटर कुठे ठेवणार. त्याने नकाशाकडे पाहिलं, बोट खाली नेलं, पहिल्या तळघराच्या चौकटीवर थांबवलं, आणि मग खिशातून पेन काढून वहीत काहीतरी लिहून घेतलं.